चीनची अक्का आन् माझी मूठ

लेकरू निळं पडायलं होतं आन् मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. शिऊ माझी, तीन वर्षांची, तोंड उघडं, डोळे उघडे, पण आवाज न्हाई. खोकला न्हाई, रडणं न्हाई, कायच न्हाई. रडणाऱ्या लेकराची भीती वाटत न्हाई बायांनो, गप झालेल्याची वाटते. माझी सासू देवाकडं हात जोडून "महादेवा, महादेवा" करायली. मी कशीबशी वाकले, लेकराच्या तोंडात पाणी ओतणार, तेवढ्यात मागून अक्काचा आवाज आला, "पाणी नको. सरक बाजूला."

ओरडली न्हाई ती. अक्का कवाच ओरडत न्हाई. "माझ्या चहात साखर कमी टाक" असं जशी म्हणायची ना, तसंच म्हणली. परसातून वाळलेली कपडे घेऊन आली होती, ती तिथंच टाकली, खाली बसली, शिऊला मांडीवर पालथं घेतलं, डोस्कं खाली, आन् तळहाताच्या बुडानं पाठीत, दोन्ही खांद्याच्या मधोमध, दणादण थापा. एक. दोन. तीन. मला वाटलं लेकराचं हाड मोडतंय. चौथ्या थापेला कायच न्हाई. पाचव्या थापेला फरशीवर आख्खी जेली पडली, खोबऱ्याच्या फोडीसकट, गुळगुळीत, आन् शिऊनं असा टाहो फोडला की शेजारची माणसं दारात आली.

तवा मी काय केलं सांगू? मी लेकराला घ्यायला हात लांब केला न्हाई. एका हातात तांब्या होता आन् दुसऱ्या हाताची मूठ बंद होती. ती मूठ मी आधी पदराखाली घेतली. मंग रडले.

मुठीत काय होतं ते सांगते. पण आधी अक्का सांगते, त्याबिगर ते कळायचं न्हाई.

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. आमच्या मालकांची थोरली बहीण. आमचं सगळं पूर्णा गाव तिला चीनची अक्का म्हणतं, कारण लगीन झाल्यापासून ती चीनमधी यीवू म्हणून शहर हाय तिथं राहती. आमचं पूर्ण्याला बांगड्या, टिकल्या, पिना, क्लिपा असं दुकान हाय, आन् दाजी, म्हणजे अक्काचे मालक, तिथं एका यापाऱ्याच्या गोदामात त्याच मालाचे खोके भरून इकडं धाडायचं काम बघतात. म्हणजे बघा, मी दुकानात खोकं उघडलं की त्यातून अक्काच निघायची. मी राणीसावरगावची, शेतातली पोर, शाळा नववीला सुटली. अक्का बारावी पास, इंग्रजी कळतं, आन् चिनी बी बोलती. मी नवी नवरी म्हणून घरात आले तवा सासूनं माझी ओळख भिंतीवरल्या फोटोला करून दिली. "ही आमची अक्का. हिच्यासारखी राहा म्हणजे झालं." फोटोत अक्का एका उंच इमारतीखाली उभी होती, केस मोकळे, पायात पांढरे बूट. मी त्या दिवसापासून त्या बुटांवर जळायले.

रोज सकाळच्या चहाला फोनवर तिच्या बोलण्याची रेकॉर्डिंग यायची. तिथलं घड्याळ आपल्या म्होरं अडीच तास. म्हणजे सूर्य बी आधी तिला भेटायचा आन् मंग आमच्याकडं यायचा. मालक फोन मधी ठेवायचे, सासू कानावरला पदर मागं सारायची, आन् मी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उभ्यानं ऐकायची. अक्का सांगायची, इथं आज चादरी-गाद्या वाळू घातल्यात सगळ्यांनी, रस्त्याच्या कठड्यावर, झाडाच्या फांदीवर, ऊन पडलं की आख्खं शहर अंथरूण बाहेर काढतंय. इथं गाड्या सगळ्या बॅटरीवरल्या, मागून आली तर आवाज न्हाई, मला दोनदा धक्का लागलाय. सांच्याला म्हाताऱ्या बायका चौकात गाणं लावून ओळीनं नाचतात, कुणाला लाज न्हाई, कुणी हसत न्हाई. सासू म्हणायची, "बघ की! म्हाताऱ्या नाचतात!" आन् मी एकदा लग्नात जरा हात वर केले तर आठ दिवस बोलणी खाल्ली होती.

गरम पाण्याचंच घ्या. माझ्या आईनं मला लहानपणापासून गरम पाणी पाजलं. मी सासरी आल्यावर दोन-चारदा म्हणले, बाई, कोमट पाणी पोटाला बरं. (आमी सासूला बाई म्हणतो.) बाई म्हणल्या, "तुमच्या सावरगावात काय बी बरं असतंय." मंग एक दिवस अक्काची रेकॉर्डिंग आली की तिथं लहानथोर सगळे गरम पाणी पितात, हाटेलात बसलं की आधी गरम पाण्याचा गिलास म्होरं येतोय, डोकं दुखलं तर गरम पाणी, पोट दुखलं तर गरम पाणी, नवरा-बायकोचं भांडण झालं तरी गरम पाणी. झालं! मे महिन्यात, परभणी जिल्ह्याच्या उन्हात, जवा कुत्रं बी नालीत बसतंय, तवा आमच्या घरात सगळे फुंकर मारून पाणी प्यायले.

दुपारच्या झोपेचं बी तसंच. अक्का म्हणली, इथं जेवण झालं की दुकानदार गल्ल्यापाशीच घडीची खाट टाकून आडवा होतोय, गिऱ्हाईक बी त्याला उठवत न्हाई, गोदामातली पोरं खोक्यावर झोपतात, तासाभरानं उठून कामाला लागतात. मालकांनी लगेच दुकानात चटई नेली. मी गरोदर असताना दुपारी दहा मिनिटं डोळा लागला तर "सुनेला लय झोप हाय" म्हणून बाईनं मालकांच्या चुडाव्याच्या मावशीला फोनवर सांगितलं. मी झोपले तर आळशी, आन् चीन झोपलं तर शहाणं.

पण एक खरं सांगते. अक्का नुसतं गोड बोलायची न्हाई. तिचं एक बोलणं ठरलेलं होतं, "चांगलं बी सांगावं, वाईट बी सांगावं. नुसतं चांगलं सांगणारा माल विकायला बसलेला असतो." म्हणून ती सांगायची की भाजी मागितली तर वरून मटनाचा चुरा टाकून देतात, आन् मी मांस खात न्हाई म्हणलं तर म्हणतात, हे मांस न्हाई, हे नुसतं चवीला हाय. आपली लिंगायताची जात, गळ्यात लिंग, करावं काय? तवा ती हाटेलवाल्याच्या शेगडीपाशी स्वतः जाऊन उभी राहायची आन् कढई धुवून घ्यायची. तिथला हाटेलवाला तिला बघितलं की आधीच कढई धुवायला घ्यायचा म्हणे. थंडी असली तरी घरं गरम करत न्हाईत, घरात बी कोट घालून बसतात. आन् शेजारची म्हातारी रोज जिन्यात विचारती, लेकरू कवा? "म्हणजे बघ," अक्का हसून म्हणायची, "येवढं इमानात बसून आले तरी त्या सवालापासून सुटका न्हाई."

हे ऐकून बाई डोळे पुसायच्या. मला, खरं सांगते, मला तवा जरा बरं वाटायचं. अक्काला आठ वर्षं झाली, लेकरू न्हाई. माझ्याकडं शिऊ होती. तेवढं एकच माझं होतं आन् तिचं नव्हतं.

तिच्या बिल्डिंगीत सगळे बाहेरचेच. खालच्या मजल्यावर नायजेरियाची ग्रेस, ती तिच्या देशात नर्स होती. वर एक रशियाची बाई. समोर येमेनचा एक म्हातारा, तो आपल्यासारखी डाळ करून खायचा. रविवारी हे सगळे जिन्यात बसून त्या शहराचं बोलायचे, आन् अक्का ते आमाला सांगायची. ग्रेस म्हणायची, इथं जिन्यात कुणी रामराम करत न्हाई, पण पाय घसरून पडलं तर तिघं धावून येतात. रशियाची म्हणायची, रस्त्यात अनोळखी बाया थांबवून मला रागावतात, लेकराला मोजे कामून न्हाईत म्हणून, माझ्या आईनं बी मला येवढं रागावलं न्हाई. येमेनचा म्हातारा म्हणायचा, या शहरानं माझं पोट भरलं, पण वीस वर्षं झाली, कुणाला माझं नाव ठावं न्हाई, सगळे मला मालक म्हणतात. इथं प्रत्येकालाच मालक म्हणतात.

मी गॅसपाशी उभी राहून इचार करायची. माझं तरी नाव घरात कोण घेतंय? सूनबाई, शिऊची आई, अगं ए. मला मालक बी म्हणत न्हाईत.

मागच्या वर्षी अक्का तीन आठवड्यासाठी आली. आल्या दिवशी तिनं पाया पडायच्या आधी मला जवळ घेतलं. म्हणली, "रेकॉर्डिंगमधी तुझ्या भांड्याचा आवाज ऐकू येतोय मला. तू कधीच बोलत न्हाईस. भांडं आपटतीस तेवढी." मला वाटलं टोमणा मारायली. आता वाटतं, तिला खरंच ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी आमी दोघी एसटी स्टँडवर गेलो, परभणीला जायचं होतं. बाकड्यावर जागा धरायला तिनं आपली पर्स ठेवली आन् निघून गेली पाण्याची बाटली आणायला! तिथं यीवूत असंच करतात म्हणे, हाटेलात टेबलावर फोन ठेवून ताट आणायला जातात, दारात खोकी पडून राहतात, कुणी हात लावत न्हाई. मी म्हणले, जिरवूच हिची. पर्स उचलली आन् पदराखाली धरून बसले. ती आली. रिकामं बाकडं बघितलं. मंग माझ्याकडं बघितलं. घाबरली न्हाई, कायच न्हाई. हसली. "तू बसलीस म्हणूनच ठेवली मी," म्हणली. "तू असताना मला कशाची फिकीर?" मी पर्स दिली. तेवढ्या गर्दीत मला नागडं झाल्यासारखं झालं. आन् त्या बोलण्यानं माझी जळण कमी व्हायची तर वाढली. माणसानं येवढं चांगलं कामून असावं? दुसऱ्याला जागाच राहत न्हाई.

मंग शिऊ गेली तिच्याकडं. गेली म्हणजे काय, घरातच, पण गेली. सकाळी उठली की "आत्या". जेवण आत्याच्या हातून. आंघोळ आत्याच्या हातून. मी केस इंचरायला बसवलं तर म्हणायची, "तू वढतीस. आत्या वढत न्हाई." बाई हसायच्या, "लेकराला बरोबर कळतंय बाई माया कुठं हाय ते!" मालक बी हसायचे. मी बी हसायची. आन् फणीतले केस बोटाला गुंडाळायची.

अक्कानं एक मोठी पिशवी भरून जेल्या आणल्या होत्या. अंगठ्यायेवढी प्लास्टिकची वाटी, वरून चकचकीत झाकण, आत जेली आन् मधी खोबऱ्याची फोड. तिनं आल्याआल्या सांगितलं, "एका कंदापासून केलेली हाय आई, अंडं-बिंडं न्हाई, मी सगळं वाचून आणलंय. पण ही आख्खी लेकराला द्यायची न्हाई. घशात बसती. ग्रेसनं आमाला जिन्यात बसवून शिकवलंय, तिनं लय लेकरं बघितलीत अशी." मंग रोज सांच्याला ती शिऊला मांडीवर घ्यायची, जेली बशीत काढायची आन् चमच्यानं चार बारीक तुकडे करून एकेक द्यायची. एक गिळला का, आ कर, बघू, मंग दुसरा. शिऊ चिमणीवाणी तोंड उघडायची. रोज. मी बघायची.

त्या दिवशी चार वाजले असतील. अक्का परसात दोरीवरली कपडे काढायली. बाई देवापाशी. शिऊ पिशवीपाशी जाऊन उभी राहिली, "आत्या, जेली. आत्या, जेली." रडकुंडीला आली. मी म्हणले, "आत्या कशाला? मी देते की." तर माझं लेकरू मला म्हणतं, "तू नको. आत्या."

बायांनो, तुमाला लेकरं असतील. तुमचं लेकरू तुमाला "तू नको" म्हणलं की कुठं लागतंय ते मी काय सांगू?

मी पिशवीतून जेली काढली. मला ठावं होतं. अक्कानं सांगितलेलं एकूणएक ठावं होतं, ऐकलं न्हाई असं खोटं मी म्हणणार न्हाई. झाकण फाडलं आन् वाटी तिच्या तोंडाला लावली आन् तिच्या कानात म्हणले, "आत्या तुकडे देते. आई बघ, आख्खी देते."

शिऊ हसली. माझ्याकडं बघून हसली. आन् मंग वढली आत.

तर मुठीत ते होतं. रिकामी वाटी आन् झाकण.

थापा मारून जीव परत आणल्यावर घरात एकच गलका झाला. मालक दुकानातून पळत आले. बाई देवापासून उठून आल्या. त्यांनी फरशीवरली जेली बघितली आन् ओळखली. "हे त्या पिशवीतलं! ह्या मेल्या चीनच्या खाण्यानं माझी नात गेली असती! कुणी दिली आख्खी? कुणी?"

अक्का शिऊच्या पाठीवरून हात फिरवायली. तिनं वर बघितलं. सगळ्यांकडं न्हाई, माझ्याकडं. माझ्या तोंडाकडं, मंग पदराकडं, पदराखालच्या हाताकडं. झाकणाचं एक चकचकीत टोक बोटातून बाहेर आलेलं, ते मला बी मंग दिसलं. मी मूठ अजून आवळली. प्लास्टिक कडकड वाजलं.

अक्का म्हणली, "माझ्याच पिशवीतली हाय, आई."

खोटं बोलली न्हाई. तिच्याच पिशवीतली होती. पण सगळ्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. मालक म्हणले, "अक्का, येवढी शिकलेली तू." बाई म्हणल्या, आन् हे मी जन्मात इसरणार न्हाई, बाई म्हणल्या, "स्वतःचं असतं तर कळलं असतं."

अक्काचा हात शिऊच्या पाठीवर थांबला. तेवढंच. मंग ती उठली, खाली पडलेली कपडे उचलली आन् घड्या करायला बसली. माझं लुगडं, शिऊची झबली, बाईची पोलकी. एकेक, नीट.

मी का बोलले न्हाई? मला भ्या वाटलं. आधीच मी अडाणी, आधीच मी वढणारी, आधीच लेकराला माया कुठं हाय ते कळायलेलं. आईनंच दिली म्हणलं असतं तर माझ्या हातात लेकरू दिलं असतं का कुणी परत? मालकांनी मला सावरगावला धाडलं असतं तर? हे सगळं मी त्या एका घडीत मोजलं. आन् अजून एक सांगते, ते कुणाला सांगितलं न्हाई. अक्काला बोलणं खाताना बघून, येवढं सगळं होऊन, माझ्या मनात एक बारीकसा आवाज म्हणला, बरं झालं.

राहिलेले चार दिवस शिऊला कुणी तिच्याकडं दिलं न्हाई. शिऊ "आत्या" म्हणून निघाली की बाई दंड धरून मागं वढायच्या. पिशवी उकिरड्यावर गेली. जायच्या आदल्या दिवशी मी सैपाकघरात भाकरी करायले, तर अक्का उशी घेऊन आली. दार लोटलं. मला वाटलं आता बोलती. आता माझा हिशेब होतो. ती खाली बसली, उशी मांडीवर पालथी टाकली आन् म्हणली, "हात धुव. बस. शिकून घे."

"काय?"

"असं पालथं घ्यायचं. डोस्कं छातीपेक्षा खाली. हितं मारायचं, तळव्याच्या बुडानं. पाच. मंग बघायचं. पाणी पाजायचं न्हाई, आंधळ्यावाणी बोट घालायचं न्हाई. मार बघू."

मी मारलं. "जोरात," ती म्हणली. "माया नंतर कर." मी जोरात मारलं. उशीतून कापूस उडाला. ती म्हणली, "हां. अशी. मी दर येळेला परसात असणार न्हाई."

मी म्हणले, "अक्का..." तिनं थोडं थांबून बघितलं. खरंच थांबली ती, मी बोलावं म्हणून. तवा भाकर जळाली. वास आला. ती उठली, भाकर उलटली, आन् गेली.

पूर्ण्याच्या स्टेशनात गाडी आली तवा बाई तिच्या गळ्यात पडून रडल्या, लेकच ती. मला तिनं एक खोकं दिलं. आत पांढरे बूट, माझ्या मापाचे. म्हणली, "तू फोटोकडं बघायचीस ना, मला तुझ्या मालकांनी सांगितलं होतं." बघा आता. मी त्या बुटांवर जळत होते आन् तिनं तेच आणून दिले. ते अजून कपाटात हायेत. पायात घालायला धजत न्हाई मी.

त्याच्यानंतर रेकॉर्डिंग कमी झाल्या. मालक चहाला फोन मधी ठेवत न्हाईत. घरात सगळे परत गार पाणी प्यायलेत. चुडाव्याच्या मावशीपस्तोर गोष्ट गेली, तिथून अजून कुठं कुठं, की चीनच्या अक्कानं भावाच्या लेकराला काय की खाऊ घातलं. दुकानात बाया सवाल करतात. मी क्लिपा दाखवते.

आन् मागच्या महिन्यात मला दुसरी झाली. ती बी मुलगीच. अक्काची रेकॉर्डिंग आली, एकटी माझ्या फोनवर. "इथं बी बाळंतीण महिनाभर दाराबाहेर निघत न्हाई. गार पाण्याला हात लावू देत न्हाईत, केस धुवू देत न्हाईत. मी शेजारच्या म्हातारीला सांगितलं, माझ्या भावजयीला लेक झाली, तर म्हातारीनं निरोप दिलाय, आलं-गुळाचं पाणी पाज. मी म्हणलं, आमी सुंठ-गूळ देतो. ती म्हणली, मंग तुमी बी शहाणे हायेत." आन् हसली. आन् थोडं थांबून, "बारशाला नाव मी ठेवणार का गं?"

नाव आत्याच ठेवती. कानात कुर्र करून. ते आपल्यात ठरलेलंच हाय. शिऊचं बी तिनंच ठेवलं होतं, फोनवरून. पण बाई म्हणल्या, "तिचं हात-तोंड नको या लेकराला. महानंदाला बोलवा." महानंदा म्हणजे चुलत नणंद. मालकांनी महानंदाला फोन लावला. मी अक्काला उत्तर बी दिलं न्हाई.

बाराव्या दिवशी पाळणा बांधला. बाया जमल्या, घुगऱ्या झाल्या, पाळण्याचं गाणं चालू झालं. मी पाळण्यापाशी पाटावर बसलेले, आन् मांडीखाली फोन थरथरायला. बघितलं. अक्का.

बाई म्हणल्या, "कुणाचा हाय?"

मी म्हणले, "कंपनीचा."

पदर डोस्क्यावरून म्होरं वढला, लेकराला बघायच्या निमतानं पाळण्यात वाकले, आन् फोन कानाला लावला. अक्काला गाणं ऐकू गेलं असणार. तिनं विचारलं, "सांगितलंस का घरात, त्या दिवशीचं?"

मी म्हणले, "न्हाई."

तिकडून गाडीचा बी आवाज न्हाई, कशाचाच न्हाई. मला वाटलं फोन ठेवला. मंग म्हणली, त्याच आवाजात, साखर कमी टाक म्हणायच्या, "बरं. बाळाच्या कानापाशी धर."

मी धरला. लेकराचा कान तो केवढा, फोनच मोठा. अक्कानं हळू कुर्र केलं आन् नाव घेतलं. तीनदा. मला ऐकू आलं. मी फोन मांडीखाली घातला, सरळ बसले, आन् मंग महानंदा वाकली आन् तिनं बाईनं ठरवलेलं नाव घेतलं, आन् सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या.

आता घरातले सगळे लेकराला महानंदानं ठेवलेल्या नावानं हाक मारतात. मी बी मारते. पण कुणी नसलं की मी दुसरं म्हणते, पहिलं म्हणते खरं तर, आन् ती माझ्याकडं मान वळवती. ते नाव इथं सांगत न्हाई. तेवढं एकच मी अक्काला परत दिलंय, ते बी चोरून.

बाकीचं अजून माझ्यापाशीच हाय. ती वाटी आन् झाकण मी फेकलं न्हाई, पांढऱ्या बुटाच्या आत कोंबून ठेवलंय. कपाट उघडलं की बाई समोर बसलेल्या असतात, म्हणतात, काय शोधायलीस? मी म्हणते, काय न्हाई.

तुमी बी कुणाच्या तरी सुना हायेत. तुमच्या बी घरात एक अक्का असेल, जिचं सगळं चांगलं, जिच्यापाशी तुमचं लेकरू पळतं. खरं सांगा बायांनो. त्या दिवशी, लेकरू नुकतं रडायलेलं, सगळी दारात उभी, आन् बाई विचारायल्या, कुणी दिली म्हणून. माझ्या जागी तुमी असत्या, तर मूठ उघडली असती का?